चिरंतन राष्ट्राध्यक्ष

उत्तर कोरियाचे संस्थापक किम इल-सुंग (१९१२–९४) यांना मरणोत्तर बहाल केलेले घटनात्मक अभिधान. ८ जुलै १९९४ रोजी त्यांचे निधन झाल्यावर राष्ट्राध्यक्षपद चार वर्षे रिक्त राहिले. सप्टेंबर १९९८ च्या घटनादुरुस्तीने ते पदच रद्द झाले व सरनाम्यात हे अभिधान समाविष्ट झाले. पुत्र किम जोंग-इल (पहा) यांनी राष्ट्रीय संरक्षण आयोगाच्या अध्यक्षपदावरून सत्ता चालविली; परदेशी राजदूतांची अधिकारपत्रे मात्र संसदेच्या स्थायी मंडळाचे अध्यक्ष स्वीकारीत. जोंग-इल यांच्या मृत्यूनंतर (२०११) एप्रिल २०१२ मध्ये तेही सत्ताधारी पक्षाचे ‘चिरंतन महासचिव’ व आयोगाचे ‘चिरंतन अध्यक्ष’ ठरले.

दिवंगताचे पद वारसाला न देता त्याच्यासाठी नवे पदनाम निर्माण करणे, हे या प्रथेचे खरे वैशिष्ट्य होय. त्यानुसार किम जोंग-उन २०१२ मध्ये पक्षाचे ‘प्रथम सचिव’ झाले. २०२१ मध्ये मात्र त्यांनी महासचिवपदच धारण केले. प्याँगयांगच्या कुमसुसान प्रासादात इल-सुंग व जोंग-इल या दोघांचे जतन केलेले देह काचपेटीत आहेत. दोघे सदैव सोबत असल्याचे सांगणारे उभ्या कोरीव अक्षरांचे ‘चिरंजीवन स्तंभ’ गावोगावी आढळतात. सत्तेची अधिमान्यता निवडणुकीऐवजी वंशसातत्यातून सिद्ध करण्याचे हे साधन आहे (पहा : जूचे, व्यक्तिपूजा).