मोहाचें फूल: अन्न कीं अबकारी?

जव्हारच्या मुकणे घराण्याच्या वंशावळीवर व इ. स. १३४३ च्या दिल्लीच्या मान्यतेवर संशोधकांनीं पुष्कळ शाई खर्चिली. त्याच मुलखांतील अबकारीच्या कागदांकडे मात्र संग्राहकांची दृष्टि क्वचितच वळते. रयतेच्या पोटाचा प्रश्न त्यांत गुंतलेला असल्यामुळें हें टिपण केलें आहे.

घेणाऱ्यास ज्यांचें हिताहित पुरतें उमगत नाहीं, किंवा ज्यांचे परिणाम भलत्यासच भोगावे लागतात, अशा वस्तूंच्या बाबतींत बाजारभावावर विसंबतां येत नाहीं. सरकारनें शिक्षणासारख्या हितवस्तूस साह्य द्यावें व मद्यासारख्या अहितवस्तूवर कर बसवावा, हा विचार रिचर्ड मस्ग्रेव्ह ह्यांच्या १९५९ च्या ग्रंथामुळें अर्थशास्त्रांत रूढ झाला. परंतु एकच वस्तु हितहि आणि अहितहि असेल तर काय करावें?

मोहाचें फूल तसें आहे. वसंतांत पहाटे झाडाखालीं त्याचा सडा पडतो. वारली, ठाकूर, कातकरी तीं फुलें वेंचून वाळवीत. कणगी रिती झाली म्हणजे शिजवून खात, गुरांस चारीत, आणि त्यांचीच दारूहि गाळीत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानें विनापरवाना गाळप गुन्हा ठरलें. तेवढ्यानें भागेना, म्हणून १८९२ च्या तिसऱ्या कायद्यानें ठाणें व कुलाबा जिल्ह्यांत खुद्द फुलांवरच निर्बंध आले. मोखाडा तेव्हां शहापूर तालुक्याचा पेटा असल्यामुळें त्यांत सांपडला. इकडे उरणच्या भट्ट्यांत गुजराथेंतून आणलेल्या मोहफुलांचीच दारू सरकारी देखरेखीखालीं निघत होती! सरकारचें सूत्र कमींत कमी खपांतून जास्तींत जास्त वसूल हें होतें. पैकीं वसुलाची कळकळ अधिक होती, असें आमचें मत आहे. पिणाऱ्याचें हित पाहावयाचें असतें, तर आधीं दुकान बंद झालें असतें. दुकानदारच पुष्कळदां सावकार असे. उधार दारूचा हिशेब गवतानें, भातानें व शेवटीं जमिनीनें चुकता होई.

जव्हार हें संस्थान. मुंबई कौन्सिलचा कायदा तेथें आपोआप लागू नसे. सीमेच्या दोहों बाजूंस मोह मात्र तोच. १९४८ त संस्थान विलीन झालें, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यांतहि मोहफुलांवर नियंत्रण राहिलें. १९९२ सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें बालकें कुपोषणानें दगावलीं. त्याचें खापर मोहाच्या कायद्यावर फोडणें अतिव्याप्तीचें होईल; तथापि भुकेच्या मुलखांत अन्नास अबकारीचा जिन्नस मानण्याची रीत शंभर वर्षें चालली होती, एवढें नमूद केलें पाहिजे. फुलें गोळा करणें, बाळगणें व नेणें ह्यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें २०२१ त उठविले.

मक्त्याचे करारनामे, परवान्यांचे कागद किंवा दारूदुकानांच्या खातेवह्या कोणाच्या दप्तरांत असतील, तर त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्या, ही विनंति.