वाळवंट कोरडे, म्हणून पक्षी सुरक्षित?

अरबस्तानच्या वाळवंटातील पक्ष्यांना रक्तातील परजीवींचे फारसे भय नाही, हे मत पक्षिप्रेमींतच नव्हे, काही जाणकारांतही रूढ आहे. त्याला आधार आहे, हे आधी मान्य करू. पक्ष्यांच्या हिवतापाचा प्लाझमोडियम डासांमार्फत पसरतो आणि डासाला साचलेले पाणी लागते. ल्युकोसायटोझून पसरवणाऱ्या काळ्या माश्यांच्या अळ्या वाहत्या पाण्यात वाढतात. वाळवंटात दोन्ही दुर्मीळ. म्हणूनच रुक्ष प्रदेशांतील पाहण्यांत बाधित पक्षी बहुधा कमी आढळतात. शिवाय परजीवी आणि यजमान युगानुयुगे एकत्र नांदत आले आहेत. मग शिकार आणि अधिवासाचा नाश हे खरे शत्रू सोडून रक्ताच्या थेंबामागे का लागावे? युक्तिवाद सुसंगत आहे. पण तो टिकत नाही.

आधी पाण्याचे पाहू. कबुतराच्या पिसांत एक चपटी, चिवट माशी राहते. पिसे बाजूला सारली की ती खेकड्यासारखी तिरपी पळते. ही माशी अंडी घालतच नाही. तिच्या पोटातच पूर्ण वाढलेली अळी घरट्याजवळच्या केरात पडते आणि तिथल्या कोरड्यातच तिचा कोष होतो. हीच माशी कबुतरांतील हिमोप्रोटियस परजीवीची वाहक आहे, हे सर्जां बंधूंनी १९०६ साली दाखवून दिले, आणि तेही अल्जीरियात! जिला जन्मभर डबक्याची गरज पडत नाही, तिला वाळवंट कसे अडवणार? ‘कोरडे म्हणून सुरक्षित’ हे डासांपुरते आणि काळ्या माश्यांपुरते खरे. ते सर्व वाहकांना लावणे ही तर्काची चूक आहे.

आणि वाळवंट तरी कोरडे कुठे राहिले? दुबई-अबुधाबीत सांडपाणी शुद्ध करून बागांना आणि रस्त्याकडेच्या झाडांना दिले जाते. क्युलेक्स डासाला तर घाण पाणीही मानवते. या हिरवळीवर वस्तीला कोण आले? आपली साळुंकी, आपला गावकावळा आणि पाळीव कबुतरांचे थवे. पिंजऱ्यांतून सुटलेल्या साळुंक्या आज आखातात सर्रास दिसतात. साळुंकीवर आपली माया आहे, माझीही आहे. पण जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचे नाव आहे, हे विसरून कसे चालेल? तिने नवा परजीवी आणलाच पाहिजे असेही नाही. स्थानिक परजीवीला तिच्या रूपाने आणखी एक यजमान मिळाला, तरी तिथल्या मूळच्या पक्ष्यांवरचा भार वाढू शकतो.

आता ‘प्रमाण कमी’ या पुराव्याकडे वळू. जाळ्यात सापडतो तो हिंडता-फिरता पक्षी. गलितगात्र झालेला झुडपाखाली बसतो, कोल्ह्याच्या तोंडी जातो. त्याची नोंद होत नाही. काचपट्टीवर रंगवलेल्या रक्तात हिमोप्रोटियस तांबड्या पेशीच्या केंद्रकाला वळसा घालून बसलेला दिसतो खरा, पण जुन्या, सौम्य बाधेत हजारो पेशींत असा एखादाच असतो. डोळा थकतो आणि अहवालात ‘निरोगी’ लिहिले जाते. जनुकीय चाचणी तीच बाधा अनेकदा पकडते.

बरे, प्रमाण खरोखरच कमी आहे असे धरू. मग तर धोका अधिक! ज्या रक्ताने हा शत्रू कधी पाहिलाच नाही, त्यात प्रतिकारशक्ती कुठून येणार? हवाई बेटांवर १८२६ च्या सुमारास जहाजातून क्युलेक्स डास उतरला. परदेशी पक्ष्यांबरोबर प्लाझमोडियमही पोहोचला. प्रयोगात एकाच बाधित डासाच्या चाव्याने इइवी या तिथल्या पक्ष्यांपैकी सुमारे ९० टक्के दगावले. एकत्र नांदण्याचा नियम जुन्या सोबत्यांपुरताच असतो. हवाईची जंगले दमट, असा आक्षेप येईल. मग गालापागोस घ्या. तिथली किनारपट्टी रुक्ष आहे, निवडुंगांची आहे. तिथल्या पेंग्विनांच्या रक्तात प्लाझमोडियम सापडल्याचे २००९ साली प्रसिद्ध झाले.

शिकार आणि अधिवासाचा नाश हे मोठे शत्रू आहेत, यात वाद नाही. पण त्यांनीच ज्यांची संख्या घटवली, त्यांना साथीचा एक फटका पुरतो. अरबस्तानात हुबारा पक्षी बंदिवासात वाढवून हजारोंनी सोडले जातात. असा प्रत्येक पक्षी सोडण्यापूर्वी, आणि परदेशातून येणारा प्रत्येक पक्षी विलगीकरणात असताना, रक्ताची जनुकीय तपासणी व्हावी आणि पिसांतल्या माश्या काढल्या जाव्यात. वाचकांनी दोन्ही बाजू ऐकल्या आहेत. ही तपासणी अनावश्यक आहे, असे आता कोणत्या पुराव्यावर म्हणायचे?