गिरणगांवांतील ‘बदली’

सरकारी नोकराची बदली म्हणजे गांव पालटणें. परंतु लालबाग-परळच्या जुन्या माणसांच्या बोलण्यांतील ‘बदली’ म्हणजे गिरणींत स्वतःची कायम जागा नसलेला कामगार. मुंबईच्या स्थित्यंतराचा बराचसा इतिहास या एका शब्दांत सांठविलेला आहे.

कावसजी नानाभाई दावर यांनीं १८५४ सालीं कंपनी स्थापिली व १८५६ सालीं ताडदेव येथें मुंबईची पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढें कोंकणांतून व घाटावरून हजारों माणसें आलीं. भोंगा वाजला कीं बदली कामगार दारापाशीं उभे राहत. कोणी गैरहजर असल्यास त्याच्या साच्यावर कोणास घ्यावयाचें, तें जॉबर ठरवी. त्याच्या एका होकारावर चाळींतील बिऱ्हाड, खाणावळवालीचा हिशेब आणि गांवाकडची मनिऑर्डर हीं सारीं अवलंबून असत.

या हलाखीशीं कामगार पिढ्यान् पिढ्या झगडले. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीनें १८९० सालीं आठवड्याची सुटी मिळाली. १९२८ सालच्या सहा महिन्यांच्या संपांत गिरणी कामगार युनियन उभी राहिली. हळूहळू ‘कायम’ या शब्दास घरांत आणि सोयरिकींतहि मोल आलें.

१८ जानेवारी १९८२ रोजीं डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं सुमारें अडीच लाख कामगार संपावर गेले. बदली कामगारांस कायम करावें, हीहि त्यांची एक मागणी होती. संप रीतसर कधींच मागें घेतला गेला नाहीं. जुनीं यंत्रें, यंत्रमागांची स्पर्धा व जमिनीचे चढते भाव यांपुढें गिरण्याच एकेक करून बंद पडल्या. १९९१ च्या नियमांनीं गिरण्यांच्या जमिनींतील मोठा वांटा महापालिकेस व लोकांच्या घरांस मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीनें ही वांटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती दुरुस्ती ग्राह्य धरली.

आज लोअर परळच्या त्या आवारांत कचेऱ्या व झगझगीत दुकानें आहेत. काम तेथेंहि आहे. परंतु साचेवाल्याचें कसब त्या कामास उपयोगी नाहीं. ज्यांच्या घरीं गिरणीचा पगार येई, त्यांच्यापैकीं कित्येकांचीं मुलें तेथें पहारा करितात, झाडलोट करितात, सामान पोंचवितात. नांव मात्र कंत्राटदाराच्या यादींत असतें. त्यांना कोणी ‘बदली’ म्हणत नाहीं, पण उद्यांच्या हजेरीची शाश्वती त्यांनाहि नाहीं. नगरीचें वैभव मोजतांना उंच इमारती अवश्य मोजाव्या. परंतु ‘उद्यां काम आहे’ असें किती घरांत निःशंकपणें म्हणतां येतें, हेंहि मोजावें.