पट्टा निसटलेली गिरणी

पहिल्या महायुद्धाच्या काळांत फ्रान्समधील दारूगोळ्याच्या कारखान्यांत डायनायट्रोफेनॉल नांवाचें एक पिवळें रसायन स्फोटक द्रव्यांत मिसळीत असत. तें हाताळणाऱ्या मजुरांना दरदरून घाम सुटे, अंग तापे, वजन घटत जाई. आणि ताप चढतां चढतां कांहींचा प्राणही गेला. ह्या मृत्यूंची नोंद तेव्हांच झाली होती.

१९३३ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत विंडसर कटिंग व मॉरिस टेन्टर ह्या संशोधकांनीं तेंच रसायन लठ्ठपणावर योजून पाहिलें. प्राणवायूचा खप वाढला, चरबी झडूं लागली. उपासाचे कष्ट नाहींत, व्यायामाची दगदग नाहीं! असें औषध कोणास नको होईल? जपून वापरावें, अशी सूचना संशोधकांनीं दिली होती. पण तें चिठ्ठीवांचूनही दुकानांत मिळूं लागलें. सव्वा वर्षांत निदान १,००,००० अमेरिकनांनीं तें घेतलें, असा टेन्टर ह्यांचाच अंदाज होता.

उपकारक मात्रा आणि मारक मात्रा ह्यांत अंतर फारच थोडें होतें. कित्येकांना, विशेषतः स्त्रियांना, ऐन उमेदींत मोतीबिंदू झाला. कांहीं रोगी तापानें दगावले. अखेर १९३८ च्या नव्या अन्न-औषध कायद्यानंतर अमेरिकेंत हें औषध मानवी उपयोगास अयोग्य ठरलें.

मग हें रसायन करतें तरी काय? ह्याचा उलगडा १९४८ मध्यें लूमिस व लिपमन ह्यांच्या प्रयोगांनीं होऊं लागला. पेशींतील तंतुकणिका ह्या शरीराच्या गिरण्या होत. तेथें अन्नाचें ज्वलन होतें, आणि त्याच्या बळावर एटीपी हें शक्तीचें खेळतें भांडवल तयार होतें. डायनायट्रोफेनॉलनें ज्वलन थांबत नाहीं, उलट वाढतें. थांबते ती एटीपीची निर्मिती. इंजिन धडधडत राहावें, तेल जळत राहावें, पण पट्टा निसटल्यामुळें जातें मात्र फिरूं नये, तशी ही गत. सारी शक्ति उष्णता होऊन वायां जाते.

हा पट्टा कशाचा, हें १९६१ सालीं इंग्रज शास्त्रज्ञ पीटर मिचेल ह्यांनीं सुचविलें. ज्वलनाच्या बळानें हायड्रोजनचे धनभारित कण तंतुकणिकेच्या आंतील पडद्यापलीकडे लोटले जातात; ठरल्या वाटेनें परततांना त्यांच्याच जोरावर एटीपी घडतें. डायनायट्रोफेनॉल त्यांना चोरवाटेनें आंत आणून सोडतें. ह्या विचाराबद्दल मिचेल ह्यांस १९७८ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

निसर्गही हा पट्टा क्वचित् सैल करतो. नवजात अर्भकाच्या तपकिरी चरबींत अशाच युक्तीनें ऊब निर्माण होते. पण तेथें मज्जातंतूंचा लगाम असतो. गोळीला लगाम नाहीं, आणि ह्या विषाला खास उतारा आजही नाहीं. तरी त्याची चोरटी विक्री चालूंच राहिली. म्हणून ब्रिटननें २०२३ सालीं त्याची गणना नियंत्रित विषांत केली.

मजुरांनीं आपल्या देहानें लिहून ठेवलेली सूचना प्रारंभापासून जगापुढें होती. तींतील वजन घटल्याची ओळ लोकांनीं उचलली. प्राण गेल्याची ओळ मात्र वाचावयाची राहून गेली.