एका रात्रीची संहिता : नारायणगावचा तमाशा आणि ध्वनिमुद्रण

पुणे-नाशिक रस्त्यावरील, जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावास ‘तमाशापंढरी’ म्हणतात. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच सुपारी घेऊन येतात आणि चैत्र-वैशाखातील यात्रांचे खेळ ठरतात. नारायण खुडे यांनी उभा केलेला फड भाऊ आणि बापू यांनी नावारूपास आणला. भाऊंची कन्या विठाबाई (1935-2002) यांना 1957 आणि 1990 साली राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. आमच्या साहित्येतिहासात मात्र या परंपरेस जागा मिळते ती बहुधा लावणीपुरती. असे का व्हावे, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा परिचित क्रम. यांपैकी गण, गवळण आणि लावणी ही पदे बांधलेली असतात. बतावणी आणि वगातील बराचसा संवाद हा मात्र उत्स्फूर्त असतो. कथेचा सांगाडा सर्वांना ठाऊक असतो. पण कोणता प्रसंग किती लांबवायचा, सरदाराच्या कोणत्या शब्दावर सोंगाड्याने अडायचे, हे समोरचा प्रेक्षक पाहून ठरते. त्या गावचे नाव, तेथील पुढारी, यंदाचे पाऊसपाणी हे सारे संवादात येते. म्हणून एकच वग मंचरला आणि घोडेगावला सारखा होत नाही.

या कलेचे जतन ज्या साधनांनी झाले, त्यांनी तिचा एकच भाग उचलला. छापखान्याने शाहिरांची कवने छापली. 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटे मावत. त्यात लावणी बसे, बतावणी बसत नसे. पुढे कॅसेट आली, तरी तिची मर्यादा साठ वा नव्वद मिनिटांची, आणि वग चालणार रात्रभर. 1954 साली स्थापन झालेल्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळास मंजुरीसाठी हवी असते तीही लिखित संहिताच. जे लिहिता आले ते साहित्य ठरले. जे बोलले गेले ते विरून गेले. हे बोलणारे कलावंत प्रामुख्याने मांग, महार, कोल्हाटी अशा समाजांतील होते, ही गोष्ट दुर्लक्षिता येणार नाही. विठाबाई खेळ सुरू असताना प्रसूत झाल्या आणि पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. त्या रात्री तेथे काय बोलले गेले, हे मात्र त्या कथेत कोणी सांगत नाही.

येथे एका दूरच्या उदाहरणाची आठवण होते. स्वीडनमध्ये 1969 साली ‘त्रेद, ग्रेस ओक स्तेनार’ म्हणजे ‘झाडे, गवत आणि दगड’ या नावाचा एक रॉक वाद्यवृंद उदयास आला. एखादी साधी लय धरून ती दीर्घ काळ, सुचेल तशी फुलवत नेणे ही त्याची रीत. श्रोत्यांनाही वाजवण्यात सामील करून घेतले जाई. 1972 आणि 1973 साली या मंडळींनी आपल्या मैफलींच्या ध्वनिफितींतूनच तबकड्या काढल्या. पुढे 1996 साली त्यांची आणखी एक जुनी मैफल प्रसिद्ध झाली. तिचे नाव आहे ‘येर्देत 12.6.1970’, म्हणजे स्टॉकहोममधील एक मैदान आणि एक तारीख, एवढेच. त्या दिवशी त्या मैदानावर जे वाजले तीच रचना, अशी भूमिका या नावातून दिसते.

दोहोंची तुलना ताणण्यात अर्थ नाही. तेथे प्रस्थापित संगीतव्यवहाराबाहेर राहण्याची निवड होती. येथे जातीने ठरवलेला, पोटासाठी केलेला व्यवसाय होता. पण उत्स्फूर्त कलेची नोंद गाव आणि तारखेसह करावी, एवढा धडा आम्हांला घेता येईल.

ध्वनिफीत म्हणजे प्रयोग नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो रास्त आहे. ढोलकीवाल्याकडे टाकलेली नजर, उडालेले फेटे, मागच्या रांगेतील हाळी यांतील बरेचसे तीत येत नाही. परंतु छापील लावणी तरी कोठे पूर्ण असते? तिचा अपुरेपणा आम्ही स्वीकारला आणि तिच्यावर प्रबंध लिहिले. हाच न्याय बतावणीला लावण्यास हरकत नसावी.

जुन्नर-आंबेगावातील महाविद्यालयांच्या मराठी विभागांना हे काम अवघड नाही. एका यात्रेतील एक खेळ अखंड मुद्रित करावा; गाव, तिथी आणि सोंगाड्यापासून सुरत्यापर्यंत प्रत्येक कलावंताचे नाव नोंदवावे; मग त्याचे लिप्यंतर करावे. फडमालकाची आणि कलावंतांची संमती व योग्य मानधन या अटी मात्र आधीच्या. सोंगाड्याचा विनोद ही त्याची मिळकत आहे. अभ्यासाच्या नावाखाली ती उचलून नेण्याचा अधिकार आम्हांस नाही. अशा दहा-वीस रात्री जमल्या, तर लोकनाट्याच्या तासाला विद्यार्थ्यांसमोर लावणीसोबत सोंगाड्याचे शब्दही ठेवता येतील.