आधी कोणाची नजर?

गाढवी नदीवरच्या इटियाडोह धरणावर मुलगी सेल्फी काढू लागली की बघे तिलाच नावं ठेवतात. मला अमृता शेरगील आठवते. १९३४ मध्ये, २१ व्या वर्षी, तिनं पॅरिसला स्वतःला ताहितीच्या स्त्रीच्या रूपात रंगवलं. ताहितीच्या बायका गोगँनं आपल्या नजरेनं चितारल्या होत्या. ही कमरेपर्यंत उघडी, पण आपल्याकडे बघतही नाही. मागे एका पुरुषाची सावली आहे. बघणाराच चित्रात पकडला गेला! मुंबईच्या अंजू दोडियांनीही पुढे स्वतःलाच चितारलं.

उघड्या देहाचं चित्र पाहताना मलाही संकोच वाटतो, खोटं कशाला बोलू? पण सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, तिसाव्या आयतीत. बायकांना त्यानंतर. आमच्याकडच्या बयानांत मात्र एकतिसावीच जास्त ऐकू येते.