मुलांच्या हातात कॅमेरा आला, तर कासाडी नदीची गोष्ट कशी दिसेल?

ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा एमआयडीसीतल्या निळ्या कुत्र्यांचे फोटो व्हायरल झाले होते, आठवतंय? एका कारखान्यातल्या रंगामुळे ही कुत्री निळी पडली होती. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. पनवेल परिसरातल्या कासाडी नदीच्या प्रदूषणाबद्दल स्थानिक मच्छीमार आधीपासून तक्रारी करत होते. पण देशभर चर्चा झाली ती फोटो दिसल्यावर.

म्हणूनच शाळकरी मुलांनी बनवलेले पर्यावरणावरचे लघुपट महत्त्वाचे ठरतात.

जगात हे कसं चालतं?

'यंग रिपोर्टर्स फॉर द एन्व्हायर्न्मेंट' हा आंतरराष्ट्रीय उपक्रम १९९४ पासून सुरू आहे. मुलं आपल्या भागातला एक प्रश्न निवडतात, त्याची चौकशी करतात, उपाय शोधतात आणि लेख, फोटो किंवा छोट्या व्हिडिओतून तो लोकांसमोर मांडतात. वेगवेगळ्या देशांतल्या शाळांना एकत्र कामही करता येतं.

भारतात काय?

एम. सी. मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा करण्याचे निर्देश दिले. चित्रपटगृहांत पर्यावरणाचे संदेश मोफत दाखवावेत, असंही सांगितलं. म्हणजे पडद्याची ताकद न्यायालयानेही ओळखली होती.

वेगवेगळ्या समाजांतली मुलं का हवीत?

पनवेल परिसरात आगरी, कोळी, कातकरी, ठाकर कुटुंबं राहतात. शिवाय कळंबोली, कामोठे, खारघरमध्ये देशभरातून आलेले लोक आहेत. कोळीवाड्यातली मुलगी आजोबांना विचारेल, खाडीत पूर्वी कोणती मासळी मिळायची? कातकरी वाडीतला मुलगा रानभाज्या कुठे उगवायच्या ते दाखवेल. टॉवरमधला मुलगा रात्री येणाऱ्या उग्र वासाबद्दल बोलेल. तिघांचे लघुपट एकत्र पाहिले, की एकाच परिसराचं पूर्ण चित्र दिसतं.

लघुपट बनवताना काय लक्षात ठेवाल?

• एक जागा, एक प्रश्न. तीन मिनिटं पुरतात.
• तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदवा. तक्रार करताना हीच माहिती लागते.
• कारण माहीत नसेल, तर कोणावरही थेट आरोप करू नका.
• नाल्यात किंवा कारखान्याच्या आवारात जाऊ नका. सोबत मोठं माणूस हवंच.
• मुलांचे चेहरे सोशल मीडियावर टाकण्याआधी पालकांची परवानगी घ्या.

आणि पहिला खेळ ज्यांच्याशी बोललात, त्यांच्याच वस्तीत लावा. चूक झाली असेल, तर तेच सांगतील.